फाइल भलत्याच प्रोग्राममध्ये उघडतेय, बदललं तरी परत तेच होतंय? आधी हे बघा

पीडीएफवर डबल क्लिक केलं की रीडरऐवजी ब्राउझर उघडतो, बँकेचं स्टेटमेंट उघडलं की आकडे भलतेच दिसतात, डिझाइनच्या कोरल ड्रॉची फाइल नेमकी नको त्या व्हर्जनमध्ये उघडते, आणि वैताग म्हणजे आज नीट करून घेतलं की थोड्या दिवसांनी परत जैसे थे. दादर, परळ, गिरगाव भागातल्या छोट्या ऑफिसांचे, सोसायट्यांचे, डीटीपीवाल्यांचे कॉम्प्युटर बघायचं काम मी करतो आणि ही तक्रार जेवढी येते तेवढी व्हायरसचीसुद्धा येत नाही. लोक यासाठी प्रोग्राम काढून परत टाकतात, काही जण तर मशीन उचलून लॅमिंग्टन रोडला नेतात आणि फॉरमॅट मारून आणतात, आणि घरी येऊन पहिली पीडीएफ उघडली की परत ब्राउझरच उघडतो, कारण नव्या कोऱ्या विंडोज १० आणि ११ मध्ये पीडीएफसाठी एज हा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझरच डीफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारा प्रोग्राम असतो. पैसे गेले, कधीकधी डेटा गेला, आणि प्रॉब्लेम होता तिथेच. हे बघून खरंच वाईट वाटतं म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

तर बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते, प्रोग्रामही ठणठणीत असतो, फक्त कोणती फाइल कशात उघडायची ही मधली नोंद चुकलेली असते. आणि मुख्य गोष्ट, ही नोंद एकाच जागी नसते. विंडोजची वेगळी, क्रोमची वेगळी, एजची वेगळी, टीम्सची वेगळी, त्यात परत विंडोजमध्ये प्रत्येक युजरची वेगळी. आपण एका जागी बदलतो आणि फाइल उघडतो दुसऱ्याच जागेवरून, मग बदललेलं टिकलं नाही असं वाटतं. म्हणून मला फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, क्लिक नक्की कुठे केलंत? फोल्डरमध्ये, ब्राउझरच्या डाउनलोडमध्ये, मेलमध्ये, की व्हॉट्सॲपमध्ये? याचं उत्तर मिळालं की अर्धं काम झालं.

विंडोज ठरवतं कसं ते आधी थोडक्यात. फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरं असतात, पीडीएफ, डॉकएक्स, जेपीजी वगैरे, त्याला एक्स्टेंशन म्हणतात. डबल क्लिक केलं की विंडोज फक्त तेवढं वाचतं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, बघतं की या एक्स्टेंशनच्या नावापुढे कोणता प्रोग्राम लिहिलाय, आणि फाइल त्याच्या हवाली करतं. आत खरोखर काय आहे हे ते बघतच नाही. कुरिअरवाला पाकिटात काय आहे ते बघत नाही, वरचा पत्ता बघतो, तसंच. त्यामुळे पत्ता चुकीचा असला तरी गडबड आणि पत्त्यावर राहणारा बदलला तरी गडबड, आणि या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पण हे एक्स्टेंशन दिसलं तर पाहिजे ना, विंडोज ते मुळात लपवून ठेवतं. ही सवय विंडोज ९५ पासूनची आहे आणि माझ्या मते ती पहिल्या दिवशीच बंद करावी. विंडोज ११ मध्ये कुठलंही फोल्डर उघडा, वर व्ह्यू, त्यात शो, त्यात फाइल नेम एक्स्टेंशन्सवर टिक करा. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबमध्ये सरळ तोच चौकोन आहे. हे केलं की 'बिल' नावाच्या तीन फाइली सारख्याच का दिसत होत्या ते लगेच कळतं, एक एक्सेलची, एक पीडीएफ आणि एक झिप. आणि हे फक्त सोयीसाठी नाही. मे २००० मध्ये जगभर पसरलेला आयलव्हयू व्हायरस याच लपवाछपवीवर फोफावला होता, फाइलच्या नावात शेवटी टीएक्सटी दिसायचं, त्यापुढचं व्हीबीएस मात्र विंडोज लपवायचं, लोकांना वाटायचं साधं पत्र आहे आणि उघडलं की स्क्रिप्ट चालू. आजही बिलाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने फाइल येते, चित्र पीडीएफचं लावलेलं असतं आणि शेवटी असतं ईएक्सई, म्हणजे उघडलं की चालू होणारा प्रोग्राम. एक्स्टेंशन दिसत असेल तर हात तिथेच थांबतो.

आता नेहमीचा उपाय. फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, चूज अनदर ॲप, हवा तो प्रोग्राम निवडायचा. इथे बरेच जण एक पायरी चुकवतात. विंडोज १० मध्ये खाली 'ऑलवेज यूज धिस ॲप' असा चौकोन असतो, त्यावर टिक केली नाही तर ती निवड त्या एकाच वेळेपुरती. विंडोज ११ मध्ये दोन बटणं येतात, ऑलवेज आणि जस्ट वन्स, आणि घाईत जस्ट वन्स दाबलं जातं. मग दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि नाव मात्र अपडेटचं. यादीत तुमचा प्रोग्राम नसेल तर खाली 'चूज ॲन ॲप ऑन युवर पीसी' असं असतं, तिथून प्रोग्राम फाइल्स फोल्डरमध्ये जाऊन त्या प्रोग्रामची ईएक्सई दाखवायची. प्रोग्राम डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवरून चालणारा असेल तर हेच करावं लागतं, पण लक्षात ठेवा, तो फोल्डर नंतर हलवला की नोंद तुटते.

बऱ्याच ऑफिसांत एकाच मशीनवर दोन-तीन युजर बनवलेले असतात, मालकाचं एक, अकाउंटवाल्या ताईंचं एक, सीझनला येणाऱ्या मुलाचं एक. ही निवड प्रत्येक युजरची स्वतंत्र असते. मालकाच्या लॉगिनमध्ये बदललं म्हणजे ताईंच्या लॉगिनमध्ये बदललं असं होत नाही. 'काल तुम्ही केलंत आणि आज परत' या तक्रारीचं खरं कारण अनेकदा एवढंच निघतं.

आणि खरोखर परत बदलत असेल तर? विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट केली. तुम्ही निवडलेला डीफॉल्ट रजिस्ट्रीत युजरचॉइस नावाच्या जागी लिहिला जातो आणि सोबत एक हॅश ठेवला जातो, म्हणजे ही निवड माणसानेच केलीये याची एक प्रकारची मोहोर. एखाद्या प्रोग्रामने ही प्रक्रिया टाळून परस्पर नोंद बदलली की मोहोर जुळत नाही, विंडोज म्हणतं काहीतरी गडबड आहे, आणि डीफॉल्ट रीसेट करून स्वतःचा ॲप बसवतं. विंडोज १० मध्ये कोपऱ्यात 'ॲन ॲप डीफॉल्ट वॉज रीसेट' असा मेसेज येतो तो हाच. म्हणजे दरवेळी ब्राउझरवर किंवा अपडेटवर राग काढायच्या आधी बघा की मशीनमध्ये असा कोणता जुना प्रोग्राम आहे जो प्रत्येक वेळी चालू झाला की पीडीएफ नाहीतर फोटो स्वतःकडे ओढायला जातो. जुने पीडीएफ बनवणारे प्रोग्राम, फुकटचे फोटो व्ह्यूअर, आणि मशीन फास्ट करून देतो म्हणणारे क्लीनर यांच्यावर माझा पहिला संशय असतो. पहिल्या दोघांच्या सेटिंगमध्ये बहुतेक वेळा फाइल असोसिएशन असं पान असतं, तिथल्या सगळ्या टिक काढायच्या. क्लीनर तर सरळ काढूनच टाका, रजिस्ट्री साफ करून कॉम्प्युटर फास्ट होतो असं काही नसतं.

यावर इंटरनेटवर रजिस्ट्रीच्या तयार फाइली मिळतात, डबल क्लिक करा आणि डीफॉल्ट बदला म्हणून. त्या वापरू नका. वरची मोहोर त्यांनाही लागू आहे, त्यामुळे आज चालल्यासारखं वाटतं आणि पुढे परत रीसेट होतं. सेटिंग्जमधून हाताने बदललेलंच टिकतं.

आता ब्राउझरचा रस्ता. तुम्ही विंडोजमध्ये पीडीएफसाठी रीडर लावला, फोल्डरमध्ये डबल क्लिक केलं तर रीडरच उघडतो, पण वेबसाइटवर लिंक दाबली की पीडीएफ टॅबमध्येच उघडते. हे विंडोजचं नाहीच, ब्राउझरमध्ये पीडीएफ दाखवायची स्वतःची सोय असते आणि तो ती वापरतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, खाली ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज, तिथे पीडीएफ डॉक्युमेंट्स, आणि त्यात डाउनलोड पीडीएफ निवडा. एजमध्ये पण साइट परमिशनमध्ये पीडीएफ डॉक्युमेंट्स आहे, ऑलवेज डाउनलोड चालू करा. वर्ड-एक्सेलच्या फाइली एजमध्येच उघडत असतील तर एजच्या डाउनलोड्सच्या सेटिंगमध्ये 'ओपन ऑफिस फाइल्स इन द ब्राउझर' चालू असतं, ते बंद करायचं. टीम्समधून आलेली वर्डची फाइल टीम्समध्येच उघडत असेल तर टीम्सच्या सेटिंगमध्ये फाइल्स अँड लिंक्स बघा, तिथे डेस्कटॉप ॲप निवडता येतं. एवढ्या जागा आहेत, म्हणून तर तो पहिला प्रश्न.

कुणी म्हणेल पीडीएफ कुठेही उघडली तर काय बिघडलं, वाचता आलं म्हणजे झालं. वाचायलाच असेल तर ठीक. पण ई-आधार घ्या. त्यावर डिजिटल सही असते आणि ती तपासायची तर ॲक्रोबॅट रीडर लागतो. त्यात सहीवर राइट क्लिक करून व्हॅलिडेट करायचं, पहिल्यांदा सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट ट्रस्टेड म्हणून जोडायचं, मग पिवळ्या प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी टिक येते. क्रोममध्ये तीच फाइल उघडून प्रिंट मारली की प्रश्नचिन्ह तसंच छापलं जातं आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो व्हेरिफाइड कॉपी आणा. डिजिटल सही असलेल्या सातबाऱ्याची सही तपासायलाही हाच रस्ता. ज्यांना गावच्या जमिनीचं काम मुंबईत बसून करायचंय त्यांना हे फार उपयोगाचं आहे, उगाच एक खेप वाया जात नाही.

त्याहून वाईट म्हणजे 'प्लीज वेट' वाली पीडीएफ. काही सरकारी आणि कंपनी कायद्याचे फॉर्म एक्सएफए प्रकारच्या पीडीएफमध्ये बनवलेले असायचे, जुने फॉर्म अजून लोकांच्या मशीनमध्ये आहेत. असा फॉर्म ब्राउझरमध्ये उघडला की कोऱ्या पानावर थांबा असा मेसेज येतो आणि माणूस बिचारा थांबून राहतो, नेट स्लो आहे म्हणतो, फाइल परत परत डाउनलोड करतो. कितीही थांबलात तरी काही होणार नाही. डाउनलोड करा, फोल्डरमध्ये जा, राइट क्लिक करून ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, लगेच फॉर्म दिसेल. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला नवीन आलेल्या मुलांना हे कुणीतरी पहिल्या आठवड्यातच सांगायला पाहिजे.

पण माझ्या मते सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे, सीएसव्ही फाइल. पीडीएफ चुकीच्या ठिकाणी उघडली तर गैरसोय होते, सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर डेटा बदलतो, आणि बदललाय हे कळतही नाही. एक्सेल असलेल्या मशीनवर सीएसव्ही साधारण त्यालाच जोडलेली असते. सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर, मध्ये स्वल्पविराम. एक्सेल ती उघडताना प्रत्येक कप्प्यात काय असेल याचा स्वतःच अंदाज बांधतं. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर पुढची शून्यं उडतात, आणि सहकारी बँकांचे असे नंबर भरपूर असतात. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच खरे धरतं, म्हणजे १६ अंकी नंबरचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. १२ अंकी नंबर असेल तर अंक आत शाबूत असतात पण दिसताना मध्ये ई आणि अधिक चिन्ह असलेलं काहीतरी दिसतं, आणि तसंच सेव्ह केलं की सीएसव्हीत जे दिसतंय तेच लिहिलं जातं, मूळ नंबर गेला. एकदा सेव्ह झाल्यावर त्या फाइलमधून तो परत आणायला काही मार्ग नाही, मूळ प्रत परत डाउनलोड करणं एवढंच उरतं.

चाळीच्या आणि जुन्या इमारतींच्या याद्यांमध्ये तर हे फार होतं. इमारत १०, खोली १२ असं लिहायचं म्हणून कुणी १०/१२ लिहिलेलं असतं, एक्सेल त्याची १० डिसेंबर करतं. १२/४५ असेल तर डिसेंबर ४५. पुनर्विकासाच्या कागदपत्रांसाठी रहिवाशांची यादी तयार होतेय आणि त्यात माणसाचा खोली नंबरच तारीख झालाय, हे कुणाला परवडणार आहे? हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असंही नाही. माणसाच्या जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च आणि सेप्ट अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या जनुकांची नावं बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. शास्त्रज्ञांनी नावं बदलली, तर आपल्या सेक्रेटरींना एकट्याने दोष देण्यात काय अर्थ.

आणि मराठी मजकूर असेल तर अजून एक. युनिकोडमधली सीएसव्ही डबल क्लिकने उघडली की पुष्कळदा मराठी नावांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी ए आणि चलनाची चिन्हं दिसतात. फाइल खराब नाहीये, एक्सेलने लिपीची पद्धत चुकीची धरलीये. यावर उपाय असा, फाइल डबल क्लिकने उघडायचीच नाही. कोरं एक्सेल उघडा, डेटा टॅब, फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही, फाइल निवडा, जी खिडकी येते त्यात फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा, मग ट्रान्सफॉर्म डेटा दाबून खाते नंबर, मोबाइल, खोली नंबर या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा आणि लोड करा. नवीन एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, डेटा इथे ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जनच्या टिक पण आहेत, त्या काढल्या की पुढची शून्यं वगैरे वाचतात. पण मी लोकांच्या मशीनवर करतो ते सोपं आहे, सीएसव्हीचा डीफॉल्ट प्रोग्राम म्हणून सरळ नोटपॅड लावतो. डबल क्लिक केलं तर नुसता मजकूर दिसतो, काही बदलत नाही, आणि ज्याला एक्सेलमध्ये पाहिजे तो मुद्दाम वरच्या रस्त्याने जातो. लिबर ऑफिस असेल तर कॅल्क लावा, ते उघडायच्या आधीच लिपी आणि कॉलमचा प्रकार विचारतं, मला ही पद्धत फार आवडते.

डीटीपीवाल्यांचा त्रास वेगळा. गणपतीच्या आधी मंडळांची पावती पुस्तकं, अहवाल, बॅनर यांची घाई असते आणि एकाच मशीनवर कोरल ड्रॉची दोन व्हर्जन्स असतात, जुनं प्रेसवाल्यासाठी आणि नवीन स्वतःसाठी. सीडीआरवर डबल क्लिक केलं की साधारण जे नंतर टाकलं ते उघडतं. जुनी फाइल नव्यात उघडून सेव्ह केली की ती नव्या व्हर्जनची होते, मग प्रेसमधल्या जुन्या कोरलमध्ये ती उघडत नाही आणि रात्री अकराला फोनाफोनी. त्यासाठी सेव्ह ॲज करताना खाली व्हर्जनचा रकाना असतो तो बघायची सवय लावा, प्रेसवाल्याकडे जे आहे ते निवडा. आता डीफॉल्ट बदलायला जाता तर गंमत अशी होते की ओपन विथमध्ये जुन्या कोरलची ईएक्सई दाखवली तरी नवंच उघडतं. कारण ओपन विथची यादी प्रोग्राम ओळखते ती ईएक्सईच्या नावावरून, आणि दोन्ही व्हर्जनच्या ईएक्सईचं नाव एकच असतं. मग रजिस्ट्रीत (विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून रेजएडिट टाइप केलं की ती उघडते) करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, ॲप्लिकेशन्स इथे त्या ईएक्सईच्या नावाची चावी, म्हणजे फोल्डरसारखी नोंद असते, तिच्या आत शेल, ओपन, कमांड, तिथला जुना पत्ता बदलून हव्या त्या व्हर्जनचा पूर्ण पत्ता टाकावा लागतो. करंट युजरमध्ये ती चावी नसली तर क्लासेस रूटमधल्या ॲप्लिकेशन्समध्ये बघा. आधी त्या चावीवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट घ्या, हे विसरू नका. रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटत असेल, आणि ती रास्तच आहे, तर दोन्ही व्हर्जन्सचे शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा आणि फाइल ओढून हव्या त्या आयकॉनवर टाका. डीफॉल्ट काहीही असो, फाइल तिथेच उघडते. फोटोशॉपच्या दोन व्हर्जन्सलाही हेच लागू.

आणि फाइल योग्य प्रोग्राममध्ये उघडली पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतोय, तर तो प्रोग्रामचा प्रश्न नाही, फॉन्टचा आहे. जुनी श्रीलिपीची कामं युनिकोडमध्ये नसतात, तोच फॉन्ट मशीनमध्ये नसेल तर असंच दिसणार.

आता ज्या फाइलचा पत्ताच चुकीचा आहे तिचं बघू. व्हॉट्सॲपवरून आलेली डॉक्युमेंट, कुणाच्या तरी फोनमधून फिरत फिरत आलेली, एक्स्टेंशनच नाही, किंवा शेवटी बीआयएन लिहिलंय. विंडोज विचारतं कशात उघडू, आणि लोक अंदाजाने वर्ड निवडतात आणि वर ऑलवेज दाबतात, म्हणजे अजून एक चुकीची नोंद तयार. त्याऐवजी नोटपॅड उघडा आणि ती फाइल ओढून त्यात टाका, फक्त पहिली ओळ वाचा, बाकी कचरा दिसेल तिकडे लक्ष देऊ नका आणि सेव्ह अजिबात करू नका. सुरुवातीला टक्केवारीचं चिन्ह आणि पीडीएफ लिहिलं असेल तर ती पीडीएफ. पी आणि के ही दोन अक्षरं असतील तर झिप, आणि आजकालच्या वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या फाइली आतून झिपच असतात, त्यामुळे डॉकएक्स, एक्सएलएसएक्स करून बघा. पीएनजी असं लिहिलेलं दिसलं तर पीएनजी, जेएफआयएफ किंवा एक्झिफ दिसलं तर जेपीजी. मग फाइलची कॉपी करून त्या कॉपीचं एक्स्टेंशन बरोबर करा. पण नुसतं नाव बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही हे ध्यानात असू द्या. आयफोनचा एचईआयसी फोटो जेपीजी असं नाव दिलं म्हणून जेपीजी होत नाही, तो उघडून जेपीजी म्हणून परत सेव्ह करावा लागतो.

जेएफआयएफवरून आठवलं, ब्राउझरमधून फोटो सेव्ह केला की काही मशीनवर जेपीजीऐवजी जेएफआयएफ होतो आणि भरतीच्या किंवा ॲडमिशनच्या फॉर्मवर तो अपलोड होत नाही, शेवटच्या दिवशी मुलं रडकुंडीला येतात. इथे मात्र नाव बदललं तरी चालतं, कारण आतून ते दोन्ही एकच आहेत. कायमचं बंद करायचं तर रजिस्ट्रीत क्लासेस रूट, माइम, डेटाबेस, कंटेंट टाइप, त्यात इमेज जेपीईजी, तिथे एक्स्टेंशन नावाच्या नोंदीत जेएफआयएफ लिहिलं असेल त्या जागी टिंब आणि जेपीजी लिहा.

सगळ्यात घाबरवणारा प्रकार, डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन एकदम एकाच प्रोग्राममध्ये उघडायला लागतात. क्रोम दाबा नोटपॅड, टॅली दाबा नोटपॅड. लोकांना वाटतं व्हायरसने सगळं खाल्लं. बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच की शॉर्टकटवर कुणीतरी ओपन विथ करून ऑलवेज दाबलं, आणि शॉर्टकट ही पण एक फाइलच आहे, तिचं एक्स्टेंशन एलएनके. म्हणजे सगळे शॉर्टकट नोटपॅडच्या नावावर. सेटिंग्जमधून हे सुटत नाही. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, रेजएडिट टाइप करा, मग करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स, त्यात एलएनके. एक्सपोर्ट घेऊन झाल्यावर फक्त त्यातली युजरचॉइस ही चावी डिलीट करा, साइन आउट करून परत या, सगळे आयकॉन पूर्वीसारखे. फॉरमॅटची काही गरज नाही. नोंद नीट करूनही थोड्या वेळाने परत बिघडली तर मात्र विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन करा.

मॅकवर हे बरंच सोपं आहे. फाइल निवडून कमांड आणि आय दाबा, ओपन विथमध्ये प्रोग्राम निवडा आणि खालचं चेंज ऑल दाबा. चेंज ऑल नाही दाबलं तर त्या एका फाइलपुरतंच राहतं, मॅकवाल्यांची तक्रार बहुतेक इथेच अडकलेली असते. अँड्रॉइड फोनवर ज्या ॲपमध्ये चुकून उघडतंय त्याच्या ॲप इन्फोमध्ये ओपन बाय डीफॉल्ट असतं, तिथे क्लिअर करा, पुढच्या वेळी फोन परत विचारेल.

क्लासमध्ये किंवा ऑफिसात दहा-वीस मशीन असतील तर प्रत्येकावर हाताने करत बसू नका. एका मशीनवर सगळे डीफॉल्ट बरोबर लावा, डिस्म नावाच्या कमांडने त्याची यादी एक्सएमएल फाइलमध्ये काढता येते. तीच बाकी मशीनवर इम्पोर्ट करता येते, पण इम्पोर्ट फक्त त्यानंतर बनवलेल्या नव्या युजरना लागू होतं, आधीपासूनच्या युजरना नाही, हे माहीत नसलं की वाटतं कमांड चालली नाही. सगळी मशीन एका सर्व्हरवरून चालवली जात असतील, म्हणजे डोमेनवर असाल, तर ग्रुप पॉलिसीत ती फाइल द्या, मग दर लॉगिनला लागू होते.

आणि सेटिंग्जमधल्या डीफॉल्ट ॲप्सच्या पानावर खाली रीसेटचं बटण असतं, ते कुणी कितीही सांगितलं तरी उपाय म्हणून दाबू नका. ते तुमचे हवे तसे नाही, मायक्रोसॉफ्टचे मूळचे डीफॉल्ट परत आणतं, म्हणजे पीडीएफ परत एजमध्ये, आणि वर तुम्ही आत्तापर्यंत हाताने नीट लावलेलं बाकी सगळंही जातं. एका एक्स्टेंशनचा त्रास असेल तर विंडोज ११ मध्ये त्याच पानावर वर शोधायची जागा आहे, तिथे ते एक्स्टेंशन टिंबासकट टाइप करा, पुढे आत्ताचा प्रोग्राम दिसतो, त्यावर क्लिक करून बदला, आणि मग ज्या जागेवरून रोज उघडता तिथूनच एकदा उघडून बघा.